छोटा डिजिटल कॅमेरा परत आलाय, पण तो तुमच्या मोबाईलपेक्षा भारी आहे का?

मागे काळोख, पुढे फ्लॅशने पांढरेफटक पडलेले चेहरे, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. इन्स्टाग्रामवर असा फोटो हल्ली सारखा दिसतो. फोटो कालचा असतो, दिसतो मात्र २००७ सालच्या सहलीतला. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेला ग्रुप असो की कॉलेजचा निरोप समारंभ, आयफोन खिशात ठेवून कुणीतरी काकांच्या कपाटातला चंदेरी कॅमेरा बाहेर काढतं आणि सगळे त्याच्यापुढे उभे राहतात.

यालाच आता 'डिजिकॅम' म्हणतात. पूर्वी त्याला नुसतं 'डिजिटल कॅमेरा' म्हणायचे आणि लग्नात तो ज्याच्या हातात असेल त्याला मान असायचा.

हौस म्हणून हे ठीक आहे. पण याच हौसेपोटी जुन्या, वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांना लोक हजारो रुपये मोजतायत आणि नव्या मॉडेलचे भाव तर चांगल्या मोबाईलच्या घरात गेलेत. म्हणून पैसे देण्याआधी हा छोटा कॅमेरा कुठे मोबाईलच्या पुढे जातो आणि कुठे सपशेल आपटतो, हे बघायला हवं. त्यासाठी कोल्हापूर शहर आणि जिल्ह्याइतकी चांगली परीक्षा क्वचितच मिळेल. गुलाल, धो धो पाऊस, दिवे लागणीची गर्दी, मैदानावरचा फुटबॉल, जंगलातला गवा, सगळं दीड-दोन तासांच्या अंतरात.

शिवाय कॅमेऱ्याशी या गावाचं नातं जुनं आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये इथेच, स्वतःच्या हातांनी चलचित्राचा कॅमेरा तयार केला. आनंदराव पेंटरांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्या निधनानंतर बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून पुरं केलं. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेरा मानस्तंभ उभा आहे. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या अनेकांना तो कशाचा आहे हे माहीत नसतं, ते सोडा.

मेलेला धंदा उठून कसा बसला?

जपानी कॅमेरा कंपन्यांची 'सिपा' नावाची संघटना दरवर्षी किती कॅमेरे बाजारात गेले याचे आकडे देते. लेन्स अंगचीच असलेले, म्हणजे न बदलता येणारे कॅमेरे २०१० साली १० कोटींच्या वर गेले होते. २०२३ मध्ये हाच आकडा साधारण १७ लाखांवर आला. मोबाईलने या धंद्याचं काय केलं, ते एवढ्यावरून कळतं. कंपन्यांनी स्वस्त मॉडेल बंद करून टाकली आणि महागडी तेवढी ठेवली.

मग दोन गोष्टी घडल्या. फुजीफिल्मचा २०२० साली आलेला 'एक्स१००व्ही' टिकटॉकवर इतका गाजला की दुकानांत तो मिळेना आणि जुना पीस नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. दुसरीकडे, ज्यांच्या लहानपणीचे फोटो छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले होते ती पिढी कमावती झाली. तिला तोच रंग, तोच फ्लॅश परत हवा होता. २०२४ मध्ये सिपाचा आकडा पुन्हा वर सरकला. कॅननने तर २०१६ सालचा इक्सस २८५ किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणला. नऊ वर्षांपूर्वीचं मॉडेल नवं म्हणून विकता येतं, असा धंदा दुसरा कुठला नसेल.

मेगापिक्सल सोडा, सेन्सर विचारा

खोक्यावर मोठ्या अक्षरात मेगापिक्सल छापलेले असतात. त्यांच्याकडे बघू नका. विचारायचं ते सेन्सर केवढा आहे. सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागची प्रकाश झेलणारी चिप. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? सेन्सरचं गणित तेवढंच आहे.

स्वस्त आणि जुन्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत '१/२.३ इंच' नावाचा सेन्सर असतो. त्याचं खरं माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सोनीचा आरएक्स१०० आणि कॅननचा जी७ एक्स या मालिकांत 'एक इंची' सेन्सर असतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात तो पहिल्याच्या चौपट भरतो. फुजीफिल्म एक्स१०० आणि रिको जीआर यांच्यातला एपीएस-सी सेन्सर त्याहून मोठा, १/२.३ इंचाच्या जवळपास तेरापट.

इथे एक गंमत आहे. एक इंची सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या आणि नळीच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायची पद्धत होती. नळ्या गेल्या, नाव राहिलं. आठ आण्यांचं नाणं गेलं तरी आपण 'आठाणे' म्हणतो, तसं.

आता मोबाईल बघा. महागड्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण १/१.३ इंचाचा सेन्सर असतो. तो स्वस्त डिजिकॅमच्या सेन्सरच्या दुपटीहून मोठा आहे. शाओमी १४ अल्ट्रा, विवो एक्स१०० प्रो अशा फोनमध्ये तर एक इंची सेन्सरच बसवलाय. शिवाय मोबाईल एका बटणाला एकच फोटो काढत नाही. क्षणार्धात अनेक फोटो काढून ते एकावर एक बेतून तो आकाशही सांभाळतो आणि सावलीतला चेहराही उजळतो. छोटा कॅमेरा बहुधा एकच फोटो काढतो आणि जे आहे ते दाखवतो.

थोडक्यात, रंकाळ्यावर मावळत्या सूर्यासमोर मित्राला उभं करून १/२.३ इंची डिजिकॅमने फोटो काढलात तर एक तर मित्र काळा पडेल, नाही तर आकाश पांढरं होईल. चांगला मोबाईल हेच काम सहज करेल. 'कॅमेरा म्हणजे मोबाईलपेक्षा चांगलाच' ही समजूत इथेच मोडते.

मग कॅमेरा जिंकतो कुठे?

विजयादशमीच्या संध्याकाळी दसरा चौकात या. शाही दसऱ्याचं शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला गर्दी एकदम उसळते. प्रकाश संपत आलेला, हात वर, पानं हवेत. मोबाईलची नाईट मोड युक्ती इथे फसते. ती अनेक फोटो जुळवणारी असल्याने मधल्या वेळात हललेली प्रत्येक गोष्ट तिच्यासाठी डोकेदुखी. कुणाचा हात अर्धा विरघळतो, कुणाचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. एक इंची सेन्सर आणि एफ १.८ची उजळ लेन्स असलेला जी७ एक्स मार्क ३ मात्र एकाच झटक्यात क्षण पकडू शकतो. फोटोत दाणे दिसतील, पण हात हातासारखा दिसेल.

दुसरी जागा फ्लॅशची. मोबाईलचा 'फ्लॅश' ही खरं तर एलईडीची बॅटरी आहे. ती पेटते, थोडा वेळ जळते आणि त्या वेळात माणूस हलतो. छोट्या कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश वेगळा. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात प्रचंड उजेड फेकून विझतो. म्हणून नाचणारे पाय जागच्या जागी गोठतात, घामाचा थेंब चमकतो, मागची गर्दी अंधारात जाते. मिरवणुकीत किंवा हळदीत जो 'डिजिकॅम लूक' सगळ्यांना हवा असतो, त्यातला मोठा हिस्सा या फ्लॅशचा असतो. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. छोट्या फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. स्टेडियमच्या गॅलरीतून फ्लॅश मारणाऱ्यांना पुढच्या माणसाची टाळू तेवढी लख्ख मिळते.

आणि 'सीसीडी सेन्सरचे रंग' म्हणून जे विकलं जातं, त्यात भाबडेपणा बराच आहे. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी होता, पुढे सीमॉस आला, हे खरं. पण फोटोचा रंग सेन्सरच्या जातीपेक्षा त्यावरचे रंगगाळे आणि कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं. जुने फोटो वेगळे वाटतात ते थेट फ्लॅशमुळे, जळालेल्या उजेडामुळे आणि कमी बारकाव्यामुळे. म्हणजे ज्या उणिवांसाठी लोकांनी हे कॅमेरे टाकून दिले, त्याच आज आवडतायत. आवडू द्यात, पण जाहिरातीत 'सीसीडी' लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

शाहू स्टेडियम आणि राधानगरी : झूमची गोष्ट

कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉलचा नाद खुळा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असेल तर गॅलरीतून मोबाईलने काढलेल्या फोटोत खेळाडू मुंग्यांएवढे येतात. बोटांनी स्क्रीन ताणून केलेला झूम म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा करणं. अनेक फोनमध्ये आता वेगळी टेलिफोटो लेन्स असते, पण तिच्यामागे बहुधा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा लहान सेन्सर असतो.

छोट्या कॅमेऱ्यातला झूम खऱ्या काचांचा. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅमचा कॅमेरा २४ ते २०० मिलिमीटरपर्यंत जातो आणि सेकंदाला २० फोटो काढतो. कॉर्नर किकवर हेड मारणारा खेळाडू त्यात सापडण्याची शक्यता चांगली. पॅनासॉनिकचा टीझेड९९ तर ७२० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ३० पट झूम देतो आणि तरी जॅकेटच्या खिशात मावतो.

पण फुकट काही मिळत नाही. ३० पट झूम खिशात मावावा म्हणून सेन्सर पुन्हा तोच १/२.३ इंची घ्यावा लागतो आणि पूर्ण झूमला लेन्समधून फार कमी प्रकाश आत येतो. दुपारी चारच्या उन्हात मॅच असेल तर उत्तम. राधानगरी अभयारण्यात पहाटे झाडीत उभा असलेला गवा टिपायचा असेल तर याच कॅमेऱ्याचा फोटो दाणेदार आणि हललेला येईल. गवा तसाही काळा, जंगल काळोखं. त्यासाठी लोक निकॉन पी१००० सारखे कॅमेरे घेतात, ज्यांचा झूम १२५ पट आहे. मात्र त्यांचं वजन सुमारे १.४ किलो असतं आणि ते छोट्या कॅमेऱ्यांत मोडतच नाहीत. सेन्सर त्यांचाही तोच लहान.

गुलाल हा या कॅमेऱ्याचा खरा शत्रू

छोट्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी दुखरी जागा शोरूममध्ये कळत नाही, ती चैत्र यात्रेत कळते. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि हवा गुलाबी होऊन जाते. अशा वेळी खिशातून कॅमेरा काढून चालू केला की लेन्सची नळी दुर्बिणीसारखी बाहेर येते. बंद केला की आत जाते. आत जाताना नळीवर बसलेला गुलाल सोबत नेते.

दोन गोष्टी होतात. एक तर बारीक कण सेन्सरपर्यंत पोचतात आणि पुढे प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी ठिपका दिसतो. नाही तर कण दात्यांमध्ये अडकतात, नळी अर्ध्यात थांबते आणि स्क्रीनवर 'लेन्स एरर' येतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर मालकाला साफ करता येतो. छोट्या कॅमेऱ्यात त्यासाठी सगळा कॅमेरा खोलावा लागतो आणि वॉरंटी नसलेल्या जुन्या पीसच्या बाबतीत हा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. मोबाईलला हलती नळी नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. गुलालात मोबाईल सरळ सरळ जिंकतो.

याला एक अपवाद आहे. ओएम सिस्टीमच्या टीजी-७ सारख्या 'टफ' कॅमेऱ्यांत लेन्स बाहेर येतच नाही, झूम आतल्या आतच होतो. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडलेला सहन करतो. जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांना किंवा गगनबावड्याच्या घाटात भिजणाऱ्यांना याच्याइतका बिनधास्त कॅमेरा नाही. अगदी सेंटीमीटरभर अंतरावरून तो शेवाळावरचा किडाही टिपतो. फोटोचा दर्जा मात्र १२ मेगापिक्सल आणि १/२.३ इंचाचाच, त्यामुळे ढगाळ संध्याकाळी चांगला मोबाईल त्याच्या पुढे जाईल. फरक इतकाच की ओल्या बोटांनी मोबाईलची स्क्रीन ऐकत नाही आणि याची बटणं ऐकतात. बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरू शकतं, हे तेवढं लक्षात ठेवा.

झूम नसलेला महागडा कॅमेरा लोक का घेतात?

रिको जीआर ३ ला झूम नाही, फ्लॅश नाही, पावसा-धुळीपासून संरक्षण नाही. बॅटरी कंपनीच्या हिशेबाने २०० फोटो चालते. तरी रस्त्यावरची फोटोग्राफी करणारे त्याच्यावर जीव टाकतात. कारण २५७ ग्रॅमच्या, शर्टाच्या खिशात मावणाऱ्या डबीत एपीएस-सी सेन्सर आणि अत्यंत धारदार लेन्स आहे. महाद्वार रोडच्या गर्दीत तो कुणाला दिसतही नाही. फुजीफिल्म एक्स१००व्हीआयमध्ये ४० मेगापिक्सल, डोळा लावायला खिडकी, हात हलला तरी सावरणारी यंत्रणा आणि फिल्मसारखे रंग मिळतात. पण वजन ५२१ ग्रॅम आणि भारतात किंमत लाखाच्या वर. धूळ-पाण्यापासून पूर्ण बचाव हवा असेल तर वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो.

हे दोन्ही कॅमेरे शिकणाऱ्याला चालायला लावतात. जवळचा फोटो हवा तर जवळ जा. लांबून गुपचूप झूम करायची सवय असलेल्याला पहिला महिना वैताग येतो.

व्हिडिओ, बॅटरी आणि फोटो पाठवण्याची कटकट

रील्स बनवणाऱ्यांनी जी७ एक्स मार्क ३ डोक्यावर घेतलाय. स्क्रीन वर उलटते, माइक जोडता येतो, उभा व्हिडिओ उभाच सेव्ह होतो. तोटा असा की ४केमध्ये एका वेळी सुमारे १० मिनिटांचंच शूटिंग होतं आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये एवढ्याशा डबीत उष्णता जायला जागा नसते. बॅटरी एका चार्जला जेमतेम २३५ फोटो देते. जत्रेला जायचं तर जादा बॅटरी हवीच. सलग लांब व्हिडिओसाठी मोबाईलच बरा.

फोटो काढला की लगेच स्टोरीला लावायचा, ही सवय मात्र कॅमेऱ्याबरोबर सोडावी लागते. नव्या मॉडेलमधून वाय-फायने फोटो मोबाईलवर येतात, पण ॲप रुसतं, जोडणी तुटते. जुन्यात तर कार्ड काढा, रीडरला लावा, मग मोबाईल. काहींना हीच गोष्ट आवडते. मित्रांसोबत असताना नोटिफिकेशन येत नाहीत, फोटो दुसऱ्या दिवशी बघायला मिळतात.

जुना घेणार असाल तर हातात घेऊनच घ्या

ऑनलाईन फोटो बघून जुना डिजिकॅम मागवणं म्हणजे जुगार आहे. प्रत्यक्ष भेटा. कॅमेरा आठ-दहा वेळा चालू-बंद करा, लेन्स बाहेर येताना कुरकुरते का ऐका. झूम पूर्ण पुढे नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, धुळीचे ठिपके तिथेच दिसतील. टॉर्च लेन्समध्ये तिरकी मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, व्यवहार तिथेच थांबवा. फ्लॅश लागोपाठ पाचदा मारा. बॅटरी फुगली नाही ना, तिचं दार नीट बसतं ना, तेही बघा.

कार्डाचा प्रश्न विचारायला बहुतेक जण विसरतात. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलना 'एक्सडी' कार्ड लागतं, सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक. ही कार्डं आता सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर महाग. एसडी कार्डवाला कॅमेरा असला तरी तो फार जुना असेल तर २ जीबीच्या पुढचं कार्ड वाचत नाही, त्यानंतरचे बरेचसे ३२ जीबीपर्यंतच. तुमच्याकडचं १२८ जीबीचं कार्ड त्यात घातलं की 'कार्ड एरर'.

२००२ ते २००४च्या काळातले कॅमेरे तर शक्यतो टाळाच. सोनीने बनवलेल्या आणि अनेक कंपन्यांनी वापरलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये उष्ण, दमट हवेत बिघाड होत असल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं होतं. फोटो जांभळे, फाटल्यासारखे येतात किंवा स्क्रीन काळीच राहते. तेव्हा कंपन्यांनी फुकट दुरुस्ती करून दिली, आज कोण देणार?

घरात पडलेला कॅमेरा असेल तर हा सगळा प्रश्नच नाही. नवी बॅटरी आणि एक छोटं कार्ड, एवढ्यावर तो सुरू होत असेल तर याहून स्वस्त हौस नाही. विकत घ्यायचा झाला तर मात्र कारण पक्कं हवं. खरा झूम, झेनॉन फ्लॅश, पाण्यात चालणं किंवा एक इंचाच्या वरचा सेन्सर, यांतलं एकही हवं नसेल आणि हातात बरा मोबाईल असेल, तर ते पैसे जोतिबा-पन्हाळ्याच्या सहलीला वापरलेले बरे.

आणि कॅमेरा घेतलाच तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये कपाटात कोंबून ठेवू नका. ओल धरून बुरशी तिथेच वाढते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि त्यात ठेवा. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, तांदळाची पूड लेन्सच्या नळीत जाते. दर आठ-पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा आणि बॅटरी अर्धी भरलेली ठेवून बाहेरच काढून ठेवा.